विश्लेषण : खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी अचानक गढूळ का होते?

रात्री काचेसारखे नितळ असलेले पाणी सकाळी ताकासारखे पांढरट दिसते. क्लाउनफिश पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करत असतात. टाकी ५०-६० लिटरची असेल, तर हाताशी फार वेळ नसतो. पण घाबरून सगळे पाणी बदलणे म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर. आधी कारण ओळखायला हवे.

कारण कसे ओळखावे?

टाकीतले पाणी काचेच्या पेल्यात घेऊन तासभर स्थिर ठेवा. काही मिनिटांतच ते नितळ झाले, तर ते केवळ पंपाने ओढलेल्या हवेचे बारीक बुडबुडे होते. तळाशी पांढरा थर बसला, तर वाळूची भुकटी किंवा क्षारांचा साका असू शकतो. पाणी दुधाळच राहिले, तर जिवाणूंची वाढ झाल्याची शक्यता अधिक. हिरवट छटा दिसली, तर ते सूक्ष्म शेवाळ.

जिवाणू का वाढतात?

उरलेले खाद्य, विष्ठा किंवा दगडामागे मेलेला मासा वा गोगलगाय हे त्यांचे अन्न. नव्या टाकीत अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी मासे सोडले की हा त्रास हमखास होतो.

माशांना धोका कोणता?

धोका दुहेरी आहे. वाढलेले जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात. खारे, कोमट पाणी मुळातच गोड्या, थंड पाण्यापेक्षा कमी प्राणवायू धरून ठेवते. शिवाय खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो. या पातळीला अमोनियाचा अधिक भाग विषारी रूपात राहतो.

लगेच काय करावे?

पंपाचे तोंड पृष्ठभागाकडे वळवून पाणी खळाळते ठेवा. एक-दोन दिवस खाद्य बंद ठेवा, मासे उपाशी मरत नाहीत. मेलेला जीव शोधून काढा. अमोनिया तपासा. तो आढळल्यास २० ते २५ टक्के पाणी बदला. फिल्टरमधला कापूस बदला, पण उरलेले साहित्य नळाखाली धुऊ नका. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने उपयुक्त जिवाणू मरतात.

पाणी पांढरे होण्यामागे क्षारही असतात?

होय. कॅल्शियम किंवा क्षारता वाढवणारे द्रावण एकदम ओतले, तर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण तयार होतात. अशा वेळी द्रावण बंद करावे, कण फिल्टरमध्ये अडकू द्यावेत. मीठ कधीही थेट टाकीत टाकू नये. वेगळ्या बादलीत आरओचे पाणी घ्यावे, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मत्स्यालयाचे मीठ घालून, पंप लावून काही तास ते विरघळवावे. पाकिटावरील प्रमाण पाहावे. विशिष्ट घनता १.०२५ च्या आसपास आणि तापमान टाकीइतकेच आले की मगच पाणी वापरावे.

बाष्पीभवनाने पातळी घटली तर?

पाणी उडून जाते, मीठ मागेच राहते. म्हणून रोजची तूट साध्या आरओच्या पाण्याने भरावी, खाऱ्या नव्हे.

समुद्राचे पाणी चालेल का?

शहरालगतच्या किनाऱ्यावरून बादली भरून आणणे टाळावे. त्यात गाळ आणि सांडपाणी असू शकते. पावसाळ्यात नद्या-नाल्यांमुळे किनाऱ्याजवळची क्षारताही घटते.

पाणी नितळ झाले की सुटलो?

नाही. अमोनिया रंगहीन असतो. पुढचा आठवडाभर अमोनिया आणि नायट्राइट तपासत राहावे. दोन्ही शून्यावर टिकले, तरच खाद्य हळूहळू पूर्ववत करावे. नवा मासा आणायची घाई त्यानंतरही नको.