पाणवठा सर्वांचा : एचआयव्हीबाधितांचे आरोग्य आणि ग्रामपंचायतीचे कर्तव्य

एचआयव्हीचा संसर्ग पाण्यातून होत नाही. एकाच विहिरीवर पाणी भरल्याने, एकाच पेल्यातून पाणी प्याल्याने अथवा सामायिक शौचालय वापरल्याने तो दुसऱ्यास जडत नाही. तरीही गैरसमजापोटी बाधित कुटुंबास पाणवठ्यापासून दूर ठेवण्याचे प्रकार घडतात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. अशा व्यक्तीमुळे पाणवठ्यास धोका नसतो. अशुद्ध पाण्याचा धोका मात्र तिलाच इतरांहून अधिक असतो.

प्रतिकारशक्ती क्षीण झाली असता साधा अतिसारही दीर्घकाळ रेंगाळतो. क्रिप्टोस्पोरिडियम या सूक्ष्म जीवामुळे होणारे जुलाब निरोगी माणसाचे साधारणतः एक-दोन आठवड्यांत थांबतात. दुर्बल रुग्णाच्या मात्र ते जिवावर बेतू शकतात. हा जीव नेहमीच्या प्रमाणातील क्लोरीनला दाद देत नाही; म्हणून अशा घरी पाणी उकळून पिणे श्रेयस्कर होय. जुलाबांमुळे पोटात घेतलेली औषधे अंगी पूर्णपणे लागत नाहीत, हा आणखी एक अपाय. एआरटी औषधे 2004 पासून शासकीय केंद्रांतून मोफत मिळतात. त्यांचा गुण येण्यासाठी स्वच्छ पाण्याचीही जोड हवी.

पाणवठ्याच्या हक्कासाठी 1927 साली महाड येथे सत्याग्रह झाला. पुढे राज्यघटनेच्या 15 व्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून सार्वजनिक विहिरी, तलाव व स्नानघाट यांच्या वापरास मज्जाव करण्यास मनाई केली. 2017 च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायद्याने विहिरी, तलाव व स्नानघाट यांबाबत तेच संरक्षण एचआयव्हीबाधितांना दिले. हा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आहे. न्यायालयाच्या आदेशाचा अपवाद वगळता, संमतीवाचून कोणासही आपली बाधा उघड करण्यास भाग पाडता येत नाही, असेही त्यात नमूद आहे.

यास्तव ग्रामपंचायतीने बाधितांची नावे विचारू नयेत, याद्याही करू नयेत. त्यांची गरजही नाही. टीसीएल पावडरीने नियमित शुद्धीकरण, गळक्या नळवाहिन्यांची वेळीच दुरुस्ती, घरोघरी नळजोडणी व वापरात असलेले शौचालय, एवढे साधले तर सारे गाव निरोगी राहते आणि बाधित व्यक्तीस आपले नाव न सांगता संरक्षण लाभते. शिक्षकांनी शाळेत, सदस्यांनी ग्रामसभेत खरी माहिती द्यावी, आणि पाणवठ्यावर कोणी अडवणूक केल्यास ती तत्काळ थांबवावी.