हौशी शर्यतीची मोटारगाडी : तयारी आणि जुळणी

कामगार चळवळीतल्या माणसाने मोटारींच्या शर्यतीवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. शर्यत म्हणजे धनिकांची चैन, अशीच आपली सर्वसाधारण समजूत असते, आणि मोठ्या शर्यतींच्या बाबतीत ती खोटीही नाही. परंतु या खेळाची दुसरी एक शाखा आहे. ती हौशी मंडळींच्या क्लबांची आहे, आणि तिचा सारा डोलारा पैशापेक्षा हातातल्या कसबावर उभा आहे. आमचे बरेचसे आयुष्य कारखान्यांच्या दारांत गेले. साहजिकच या खेळाकडे आम्ही पाहतो ते चालकाच्या आसनावरून नव्हे, तर गाडीखाली पाना घेऊन निजलेल्या माणसाच्या जागेवरून.

या शाखेचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. इंग्लंडात १९२२ साली ‘ऑस्टिन सेव्हन’ नावाची लहानशी गाडी निघाली. तिचे इंजिन अवघे ७४७ सीसीचे होते. अशा जुन्या, स्वस्त गाड्या घेऊन त्यांवर आपल्या हाताने काम करणाऱ्या मंडळींनी १९३९ साली ‘७५० मोटर क्लब’ स्थापन केला. पुढे ‘लोटस’ या नावाने जगभर गाजलेल्या गाड्यांचा निर्माता कॉलिन चॅपमन याने १९४८ साली आपली पहिली गाडी रचली, तीही एका जुन्या ऑस्टिन सेव्हनच्याच सांगाड्यावर. आपल्या देशात १९५३ साली मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब निघाला आणि शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होऊ लागल्या. १९८३ अखेर बाजारात आलेल्या मारुती ८०० ने तर सामान्य घरात मोटार आणली. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. पण गॅरेजवाल्याला तोंडपाठ असलेली ही हलकी गाडी हौशी माणसाला शिकण्यास अजूनही उत्तम. पुढील विवेचनात तीच डोळ्यांसमोर ठेवावी.

क्लबाच्या स्पर्धा अनेक प्रकारच्या असतात. त्यांतला सोपा प्रकार म्हणजे ऑटोक्रॉस. मोकळ्या मैदानात खुणा मांडून वळणावळणाचा मार्ग आखतात, बहुधा एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावून वेळ मोजतात. येथे सरळ पल्ला थोडा आणि वळणे फार. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, की पुढचा सगळा क्रम आपोआप उलगडतो.

नवा हौशी मनुष्य सर्वांत आधी हात घालतो तो इंजिनाला. मोठा कार्बोरेटर, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, यांत त्याचा पैसा संपतो. मग ब्रेक आणि टायर यांना उरते ते चिल्लर. आमचे म्हणणे असे की, हा क्रम उलटा केला पाहिजे. आधी नियमांचे पुस्तक, मग जीव, मग ब्रेक, मग टायर, मग चाकांची जुळणी, मग वजन, आणि शेवटी इंजिन.

नियमांचे पुस्तक आधी का, ते सांगतो. आपण कोणत्या वर्गात उतरणार, त्या वर्गात काय बदलण्यास मुभा आहे आणि काय सक्तीचे आहे, हे न वाचता केलेले काम तपासनीसाच्या टेबलावर फुकट जाते. शिवाय मूळ घडणीत मोठे फेरफार केलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालविण्यास १९८८ चा मोटार वाहन कायदा आडवा येतो. म्हणून अशी गाडी मैदानापर्यंत दुसऱ्या वाहनावर लादून न्यावी.

आता जिवाची गोष्ट. गाडी उलटली तर तिचे छप्पर चालकाच्या डोक्यावर दबू नये, म्हणून आतून पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवितात. आंतरराष्ट्रीय नियमांत त्याची मापे दिलेली आहेत. मुख्य कमानीची नळी सांधा नसलेल्या, थंड ओढलेल्या पोलादाची असावी. बाहेरचा व्यास ४५ मिलिमीटर असेल तर जाडी २.५ मिलिमीटर, आणि व्यास ५० असेल तर जाडी २ मिलिमीटर, ही किमान मर्यादा. पिंजऱ्याचा पाय जेथे टेकतो तेथे निदान ३ मिलिमीटर जाड आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पट्टी हवी. कारण उघड आहे. गाडीचा तळ पातळ पत्र्याचा असतो. नळी नुसती त्यावर उभी केली, तर अपघातात ती पत्रा फोडून खाली जाईल आणि पिंजरा असून नसल्यासारखा होईल. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पिंजरा असलेल्या गाडीत शिरस्त्राण न घालता बसणे हे साध्या गाडीत बसण्यापेक्षा अधिक धोक्याचे आहे. धक्का बसला की डोके आदळते ते थेट पोलादी नळीवर. पिंजरा, खांद्यांवरून येणारे पट्टे, पक्के आसन आणि शिरस्त्राण ही चारही एकाच रचनेची अंगे आहेत. त्यांतले एक घेतले आणि तीन सोडली, असे करून चालत नाही. जोडीला हाताशी पोचेल असे अग्निशामक, बाहेरूनही वीज तोडता येईल असा खटका आणि घट्ट आवळलेली बॅटरी ही हवीतच.

ब्रेकचे काम काय? गाडीच्या गतीची उष्णता करणे. गाडी आणि चालक मिळून ७५० किलो वजन धरा, आणि वेग ताशी ९० किलोमीटर. ही गाडी एकदा पूर्ण थांबविली की जवळजवळ २ लाख ३४ हजार ज्यूल इतकी उष्णता निर्माण होते. या आकड्याचा अर्थ चुलीपाशी समजतो. २० अंशांचे सुमारे ७०० मिलिलिटर पाणी उकळीला आणण्यास इतकीच उष्णता लागते. म्हणजे घरच्या पाच-सहा कप चहाचे आधण दर वेळी ब्रेकमध्ये उकळते म्हणा ना! वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. शहरात दोन थांब्यांच्या मध्ये ब्रेकला निवण्यास सवड मिळते. शर्यतीत एक वळण संपते न संपते तोच दुसरे येते. ही उष्णता शेवटी ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. ‘डॉट ४’ जातीचे ताजे तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असे मानक आहे; ओलावा शिरलेल्या त्याच तेलाची मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. पेडल तळाला जाते आणि गाडी काही थांबत नाही. हंगामाच्या आरंभी तेल बदलणे व नळ्यांतील हवा काढणे याला खर्च किती? इंजिनावर उधळलेल्या पैशाच्या मानाने काहीच नाही.

टायरविषयी एवढेच समजून घ्यावे की, गाडीचा जमिनीशी संबंध तळहाताएवढ्या चार ठिकाणी येतो. इंजिनाची ओढ, ब्रेकची पकड, वळणाचा ताण, सारे त्या चार तळहातांतून जाते. टायरमध्ये हवा जास्त झाली तर मधला भाग तेवढा टेकतो; कमी झाली तर दोन्ही कडा टेकतात. डांबरी मैदानावर याची परीक्षा खडूने करता येते. टायरच्या कडेवर खडूची रेघ ओढावी, दोन फेऱ्या मारून यावे आणि रेघ कोठवर पुसली ते पाहावे. बाजूच्या भिंतीवर खालपर्यंत पुसली गेली, तर हवा कमी आहे. कडेपर्यंतही पुसली नाही, तर ती जास्त आहे. धावून टायर तापला की आतला दाब वाढतो, म्हणून थंड असतानाचा आणि परत आल्याबरोबरचा, असे दोन्ही आकडे लिहून ठेवावे.

चाकांच्या जुळणीला महाग यंत्रच हवे असे नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकांच्या मध्याच्या उंचीवर, गाडीला समांतर अशा दोन दोऱ्या ताणाव्या आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेचे दोरीपासूनचे अंतर पट्टीने मोजावे. दोन्ही अंतरे सारखी असतील तर चाक सरळ आहे. पुढची चाके पुढील बाजूने एकूण एक-दोन मिलिमीटर बाहेर उघडी ठेवली तर गाडी वळणात चटकन शिरते. मात्र सरळ मार्गावर थोडी चंचल होते. त्याचप्रमाणे वळणात गाडी बाहेरच्या अंगाला कलते आणि बाहेरचे चाक आपल्या बाहेरच्या कडेवर उभे राहू पाहते. म्हणून नियम परवानगी देत असतील तर चाकाचा माथा अंश-दोन अंश आधीच आत कलता ठेवतात, म्हणजे ऐन वळणात टायर जमिनीवर सपाट बसतो.

पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीचे नाक वळणात बाहेर जाऊ पाहते. अशा वेळी आधी चालकाला विचारावे, तुम्ही वळणात फार वेगाने शिरता काय? त्याचे उत्तर नाही असेल, तरच गाडीला हात लावावा. डांबरावर मागच्या टायरांत हवा थोडी वाढविली किंवा मागची बाजू थोडी ताठ केली, की मागची पकड किंचित सैल होते आणि नाक आत येते. हे प्रमाणाबाहेर केले तर शेपूट फिरते, आणि ते नवशिक्याला अधिक कठीण जाते. मातीच्या मैदानाचे शास्त्र निराळे. तेथे गाडी खाली बसविण्यात शहाणपण नाही. स्प्रिंगांना वरखाली होण्यास वाव हवा, शॉक ॲब्सॉर्बर सुस्थितीत हवेत आणि इंजिनाच्या तेलाच्या टाकीखाली जाड पत्रा हवा. कोठेही असा, एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. दोन बदल एकदम केले तर सुधारणा कशाने झाली, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

वजनाचा हिशेब सोपा आहे. ७५० किलोंतून ४० किलो कमी केले म्हणजे पाच टक्क्यांहून थोडे अधिक ओझे उतरले. इंजिनाची वाढलेली ताकद फक्त पळताना उपयोगी पडते. उतरलेले वजन मात्र पळताना, थांबताना आणि वळताना अशा तिन्ही वेळी कामी येते. गालिचे, सुटे सामान, मागचे आसन, यांतले नियमात बसेल तेवढे काढावे. आणि मग इंजिन : स्वच्छ तेल, धूळ अडविणारी जाळी, न गळणारा रेडिएटर, योग्य प्लग. पहिल्या हंगामाला एवढे पुरे.

इथवर आम्ही यंत्राचे सांगितले. आता माणसाचे सांगतो, कारण आमच्या मते मुख्य प्रश्न तेथेच आहे.

११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल मां येथे एक गाडी उडून प्रेक्षकांवर कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. १२ मे १९५७ रोजी इटलीतील ‘मिले मिलिया’ शर्यतीत एका गाडीचा टायर फुटला. दोघे स्वार आणि रस्त्याकडेचे नऊ प्रेक्षक मेले, त्यांत लहान मुलेही होती. सार्वजनिक रस्त्यांवरच्या त्या शर्यतीचे ते स्वरूप त्याच वर्षी संपले. नियमांच्या पुस्तकातले कित्येक कलम अशा प्रेतांवरून लिहिले गेले आहे. कारखान्यांतही हेच घडले. १९४८ च्या कायद्याने फिरत्या यंत्राला कुंपण सक्तीचे केले, ते किती बोटे आणि किती हात गेल्यानंतर! म्हणून तपासनीस गाडी परत पाठवितो तेव्हा जो त्याच्यावर चिडतो, त्याने या खेळाचा इतिहास वाचलेला नाही, असे आम्ही समजतो.

पण तपासनीस काही मिनिटे पाहतो. गाडीची खरी अवस्था ठाऊक असते ती मिस्त्रीला. शर्यतीच्या आदल्या रात्री काय चालते, हे गॅरेजांत जाऊन पाहावे. दिवसभर गिऱ्हाइकांची कामे उरकून मिस्त्री आणि त्याचा पोऱ्या रात्री दोनपर्यंत या गाडीखाली असतात. झोपेने डोळे मिटत असताना चाकाचा एक नट हाताने फिरवून ठेवला जातो आणि पान्याने आवळायचा राहतो. हा दोष त्या पोऱ्याचा नव्हे, ज्याने काम उशिरा आणले त्याचा. म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. शर्यतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळनंतर गाडीला पाना लावू नये. दुसरी, प्रत्येक महत्त्वाचा नट टॉर्क पान्याने आवळून त्यावर रंगाची रेघ मारावी, म्हणजे नट हलला तर रेघ तुटलेली दिसेल. एकाने यादी वाचावी, दुसऱ्याने हात लावून पाहावे आणि वहीत दोघांनी सही करावी. तिसरी सूचना सर्वांत मोठी. ज्याची सही, त्याला ‘ही गाडी आज उतरणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार असावा, आणि मालकाने तो मुकाट्याने मानावा. जबाबदारी द्यायची आणि अधिकार द्यायचा नाही, ही रीत आम्ही कारखान्यांत पुष्कळ पाहिली. खेळात तरी ती नसावी.

तरुणांना शेवटी एक सांगणे आहे. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीवाचून शर्यत लावणे हा कलम १८९ खाली गुन्हा आहे, हे तर झालेच; पण त्या रस्त्यावर रात्रपाळीहून सायकलने घरी जाणारा माणूस असतो. त्याने तुमच्या शर्यतीत नाव नोंदविलेले नसते. वेगाची हौस असेल तर क्लबात जा, परवाना काढा, मैदानावर उतरा. आणि बक्षीस मिळाले तर व्यासपीठावर चालकाबरोबर मिस्त्रीलाही बोलवा, आणि रात्रीच्या कामाची त्याची मजुरी त्याच दिवशी चुकती करा.