चुकणारे आईबाप कसे लिहायचे?

मागच्या वेळी आपण मालिकेतल्या खलनायिकेबद्दल बोललो. आजचं पात्र तिच्याहून अवघड आहे: मुलांवर जीव असलेले, तरीही चुकणारे आईबाप.

सुरुवात 'हम लोग'पासून करू. १९८४ मध्ये दूरदर्शनवर आलेली १५६ भागांची ही मालिका मनोहर श्याम जोशी यांनी लिहिली. घर बेताच्या परिस्थितीतलं. वडील बसेसर राम दारू पिणारे, आई भागवंती सोसणारी, पाच मुलं. आता बघा, दारुडा बाप दाखवणं सोपं असतं. हातात बाटली दिली की झालं! पण इथे त्या घराचा परिणाम प्रत्येक मुलात वेगळा दिसतो. मझली सिनेमाच्या झगमगाटामागे मुंबई गाठते आणि फसते. बडकी समाजकार्याकडे वळते. बापाचा दोष मुलांच्या आयुष्यात असा उतरला, की बाप पडद्यावर नसतानाही खरा वाटतो.

दुसरी गोष्ट सातत्याची. सातत्य म्हणजे रोज तेच वागणं, असं आपण समजतो. समजा, एका बापाला घरात मान हवाय. तो मुलावर ओरडेल, मुलीच्या लग्नात ऐपतीबाहेर खर्च करेल आणि मुलाच्या साहेबापुढे उगाच मोठ्याने हसेल. वागणं तीन तऱ्हेचं, मूळ एकच. प्रेक्षक म्हणतो, "हा असंच करणार, वाटलंच होतं." हे वाटणं म्हणजेच सातत्य.

'आई कुठे काय करते' डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, बंगाली 'श्रीमोयी'वरून. त्यातला अनिरुद्ध आठवा. घटस्फोट झाला, संजनाशी लग्न झालं, तरी अरुंधतीच्या आयुष्यात ढवळाढवळ थांबत नाही. नातं कागदावर संपलं, पण हक्काची भावना काही सुटली नाही. म्हणून तो चीड आणतो, पण खोटा वाटत नाही.

मग आपण घसरतो कुठे? दैनंदिन मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद बहुतेक वेळा वेगवेगळ्या हातांत असतात. टीआरपी पडला की ट्रॅक बदलतो. गुरुवारी मुलाला थोबाडीत मारणारा बाप गणपतीच्या महाएपिसोडमध्ये रडतो, आणि सोमवारपासून देवमाणूस! यावर उपाय साधा आहे. प्रत्येक आईबापाचं एक पान लिहून ठेवायचं. हा कशाला घाबरतो? कुणापुढे मऊ होतो? कोणत्या गोष्टीची माफी त्याने कधीच मागितलेली नाही? नव्या लेखकाने आधी ते पान वाचायचं. बाप बदलू शकतो, जरूर बदलावा. पण एक पाऊल पुढे टाकून अर्धं मागे येत.

आता सगळ्यात अवघड भाग, म्हणजे भागवंती. तिचं सोसणं इशारा म्हणून लिहिलेलं होतं. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन प्रेक्षकांशी त्यावर बोलायचे. तरीही अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांच्या अभ्यासात दिसलं, की बऱ्याच प्रेक्षकांना ती आदर्श स्त्री वाटली.

असं का झालं असेल? आपल्याकडे सोसण्याला पुण्य मानतात. आईच्या डोळ्यांत पाणी, मागे करुण संगीत, की तिचा दोषही गुण होऊन बसतो. शेवटी कुणी येऊन समजावलं तरी मनात राहतो तो प्रसंगच. म्हणून तिच्या गप्प बसण्याची किंमत कोण मोजतं, ते प्रसंगातच दिसलं पाहिजे. आई गप्प राहिली म्हणून मुलीचं शिक्षण थांबलं, असं दाखवा. "तू तेव्हा बोलली का नाहीस?" असं मुलीला विचारू द्या. आईकडे उत्तर नसलं तरी चालेल, तो प्रश्न मात्र कापू नका. कारण पडद्यासमोरही एखादी आई आणि तिची मुलगी शेजारी शेजारी बसलेल्या असतात.

पुढच्या वेळेपर्यंत एक काम करा. तुम्ही बघता त्या मालिकेतल्या एका आईचं किंवा बापाचं असं पान लिहून आणा. पंधरा भागांनंतरही ते पान खरं ठरतंय का, ते आपण मिळून तपासू.