तपासणीच्या वाटेवरची मोटार

ज्या वस्तूला रस्त्यावर येण्याची मनाई झाली आहे, ती वस्तू रस्त्यावर आणून अंमलदारापुढे उभी केल्यावाचून ती मनाई उठत नाही, अशी मोठी चमत्कारिक अवस्था खासगी मोटारीच्या वाट्याला तिच्या वयाच्या पंधराव्या वर्षी येते. नोंदणीची मुदत सरली की गाडी कायद्याच्या दृष्टीने नोंदणीहीन ठरते. नोंदणीहीन गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणे हा अपराध होतो. आणि नोंदणी पुन्हा मिळवायची तर गाडी तपासणीसाठी परिवहन कार्यालयात हजर करावी लागते. पुण्यासारख्या शहरात हा पेच कोसभराच्या अंतराचा असेल. परंतु लोणावळ्याच्या किंवा पवन मावळातल्या गाडीमालकाला तो सुमारे पन्नास किलोमीटरांचा असतो. मावळ तालुका पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयाच्या, म्हणजे 'एमएच १४' या अक्षरांच्या, अमलाखाली येतो आणि ते कार्यालय मोशीला आहे. वलवण, कार्ला फाटा, कामशेत, वडगाव, तळेगाव, सोमाटणे, देहूरोड असा जुन्या महामार्गाचा सारा पल्ला, टोलनाके आणि पोलिसांच्या चौक्यांसह, ओलांडल्यावाचून तेथे पोहोचता येत नाही. द्रुतगती मार्ग जवळचा वाटला तरी दुचाकीला आणि तीनचाकीला त्यावर मुळी प्रवेशच नाही.

लोणावळा-खंडाळ्याचे वैशिष्ट्य असे की, येथे मुंबई-पुण्याच्या कुटुंबांचे बंगले पुष्कळ आणि त्या बंगल्यांच्या पडवीत वर्षातून चार-दोन वेळा हलणाऱ्या मोटारीही पुष्कळ. येथील पावसाची वार्षिक सरासरी चार हजार मिलिमीटरांच्या वर जाते. चार महिने हवेतला ओलावा लोखंडाला सोडत नाही, ब्रेकच्या तबकड्या जाम होतात, पायाखालचा पत्रा कुजतो आणि ज्या चॅसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यायचा तोच गंजाखाली दडतो. अशी गाडी मालकाच्या स्मरणातून सहज निसटते, आणि आरसी बुकावरची तारीख तर त्याहून सहज. गणपतीत किंवा दिवाळीत कुणीतरी कागद उघडून पाहतो, तेव्हा मुदत टळून महिने लोटलेले असतात.

मूळ तरतूद समजून घ्यावयास हवी, कारण तिच्याविषयी सांगोवांगीच फार चालते. १९८८ चा मोटार वाहन अधिनियम १९३९ चा जुना कायदा बाजूला सारून १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या ४१ व्या कलमान्वये खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे टिकते आणि त्यापुढे दर खेपेस ५ वर्षांनी वाढवून मिळते. त्यासाठीचा अर्ज नमुना २५ मध्ये करावयाचा असतो आणि तो मुदत संपण्यापूर्वी ६० दिवसांच्या आधी स्वीकारला जात नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकी ५२ वा नियम पुढे स्वच्छ शब्दांत सांगतो की, मुदत सरल्यावर गाडी वैध नोंदणीची मानली जाणार नाही आणि नवीकरण होईतो ती कोणत्याही सार्वजनिक ठिकाणी वापरता येणार नाही. 'तपासणीस जाण्याखेरीज' असे शब्द त्या नियमात नाहीत. अर्ज दाखल झाला, शुल्क भरले, तपासणीची वेळ ठरली, तरीही नवीकरणाचा शेरा पडेपर्यंत मनाई कायमच राहते. पावती खिशात असली की पोलीस अडवत नाहीत असे एजंट मंडळी छातीठोकपणे सांगतात, ते पुष्कळदा खरेही ठरते. परंतु ती हवालदाराची उदारता असते, मालकाचा हक्क नव्हे.

अपराधाची शिक्षा १९२ व्या कलमात आहे: पहिल्या खेपेस किमान २,००० आणि कमाल ५,००० रुपये दंड, पुन्हा घडल्यास ५,००० ते १०,००० रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. याच कलमात एक माणुसकीचा अपवाद आहे. आणीबाणीत आजारी अथवा जखमी माणसाला नेण्यासाठी, किंवा संकटग्रस्तांना अन्न वा औषधे पोहोचवण्यासाठी अशी गाडी वापरली, तर हे कलम लागू होत नाही. मात्र सात दिवसांच्या आत तसे प्राधिकरणाला कळवावे लागते. म्हणजे दरडीखाली सापडलेल्या वाडीवर धान्य नेणारा जीपवाला सुटतो. प्रामाणिकपणे तपासणीला निघालेला सुटत नाही.

आता कराविषयी. महाराष्ट्रात मोटारीवरचा कर १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याने बसतो, आणि खासगी गाडीचा कर नोंदणीच्या वेळीच एकरकमी वसूल केला जात असल्यामुळे, 'कर थकलेली गाडी' हा प्रकार घरगुती मोटारीच्या बाबतीत पहिली पंधरा वर्षे सहसा उद्भवतच नाही. तो उद्भवतो तो नेमका याच वळणावर, कारण २०१० पासून पंधरा वर्षांवरील खासगी वाहनांना नवीकरणाच्या वेळी पर्यावरण कर भरावा लागतो. त्याशिवाय केंद्राचे नवीकरण शुल्क आहेच. पूर्वी मोटारीला ६०० रुपये असलेले हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये २० वर्षांवरील हलक्या मोटारींसाठी ते १०,००० वर नेण्यात आले. उशिराबद्दल मोटारीला दरमहा ५०० आणि दुचाकीला ३०० रुपये वाढतात ते निराळे. पडवीत निवांत झोपलेल्या मोटारीच्या डोक्यावर हे व्याज मुकाट्याने चढत असते.

इंग्लंडात हाच पेच फार पूर्वी ओळखला गेला आणि एका लहानशा पोटकलमाने सोडवलाही गेला. तेथे वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांच्या कारकीर्दीत, १९६० साली, जुन्या मोटारींची सक्तीची तपासणी सुरू झाली. आज तिला सारे 'एमओटी' म्हणतात आणि तीन वर्षांवरच्या गाडीला ती दरवर्षी करून घ्यावी लागते. तपासणीचा दाखला नसेल तर करही भरता येत नाही, आणि कर न भरलेली गाडी तर रस्त्यावर आणता येत नाही. हा फेरा तोडण्यासाठी १९९४ च्या कायद्याने सवलत दिली की, आगाऊ वेळ ठरवून तपासणीस नेली जाणारी, तेथून परत आणली जाणारी, आणि तपासणीत नापास झाल्यास ठरल्या वेळी दुरुस्तीला नेली जाणारी गाडी करमुक्त समजावी. विमा मात्र हवाच. लंडनच्या उपनगरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ही सवलत तोंडपाठ असते, आणि सुट्टीत लोणावळ्याच्या बंगल्यावर आल्यावर तीच सवलत येथेही असणार असे ती मंडळी गृहीत धरतात. ती येथे नाही.

तशी अपवादाची कल्पना आपल्या कायद्याला अपरिचित आहे असेही नाही, आणि म्हणूनच ही उणीव अधिक खटकते. मोटारविक्रेत्याच्या व्यापार प्रमाणपत्रावर गाडी कोणकोणत्या कामासाठी नेता येते याची जी यादी नियमांत आहे, तीत वजनकाट्यावर जाणे-येणे, नोंदणीच्या जागी जाणे-येणे, रंगकामास वा दुरुस्तीस जाणे, इतके तपशील मोठ्या बारकाईने नोंदलेले आहेत. तात्पुरती नोंदणी झालेले मालवाहू वाहन रिकामे असताना नोंदणीला जात असेल, किंवा कोणतेही व्यावसायिक वाहन रिकामे दुरुस्तीला जात असेल, तर त्यास परवान्याची अट लागू नाही. इतकेच काय, पन्नास वर्षांवरच्या विंटेज मोटारींसाठी २०२१ मध्ये जे नियम झाले त्यांतही, एरवी रस्त्यावर येण्यास बंदी असलेल्या त्या वृद्ध गाड्यांना प्रदर्शनास जाण्या-येण्याची, पेट्रोल भरण्याची आणि देखभालीची मुभा शब्दांत लिहिली गेली. ज्यांना मिरवणुकीची वाट आठवली, त्यांना तपासणीची वाट आठवू नये, हे नवलच म्हणावे लागेल.

अशी सवलत दिल्यास तिचा दुरुपयोग होईल, जो तो 'तपासणीला चाललो' म्हणून गाडी फिरवील, हा आक्षेप मी पुष्कळांच्या तोंडून ऐकला आहे. कागदी दस्तऐवजांच्या काळात त्याला वजन होते. आज तपासणीची वेळ संगणकावर ठरते आणि गाडीच्या क्रमांकासह नोंदली जाते. रस्त्यावरच्या अंमलदाराला ती क्षणात पडताळता येते. मंगळवारी मोशीची वेळ घेतलेली गाडी रविवारी भुशी धरणावर सापडली, तर तिचा खुलासा कोणालाही करता येणार नाही.

दंडापेक्षा मोठा धोका विम्याचा आहे, आणि त्याचा विचार फारच थोडे लोक करतात. नरिंदर सिंग विरुद्ध न्यू इंडिया अॅश्युरन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये असा निर्णय दिला की, तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली असताना रस्त्यावर आणलेल्या गाडीला अपघात झाला, तर वैध नोंदणीचा अभाव हा विम्याच्या अटींचाच मूलभूत भंग होय आणि गाडीच्या नुकसानीची भरपाई मागता येत नाही. ही भूमिका २०२१ मध्ये पुन्हा घेतली गेली. ते खटले तात्पुरत्या नोंदणीचे होते हे खरे. परंतु मुदत संपलेली नोंदणी म्हणजे नोंदणी नव्हेच, हा त्यांतला तर्क पंधरा वर्षांच्या मोटारीला लागू पडणार नाही अशा भरवशावर कामशेतची खिंड उतरणे शहाणपणाचे नाही.

मग मुदत टळलेल्या मालकाने करावे तरी काय? कायदा गाडी 'चालवण्यास' मनाई करतो. म्हणून ती दुसऱ्या वाहनाच्या पाठीवर पूर्णपणे चढवून नेणे हा सर्वांत निर्धोक मार्ग. दोरी बांधून ओढत नेणे हा तोडगा नव्हे, कारण तेव्हा तिची चाके रस्त्यावरच फिरत असतात आणि चक्रावर माणूस बसलेलाच असतो. दुसरे असे की, परिवहन कार्यालयाने तालुक्याच्या ठिकाणी शिबिरे भरवण्याची रीत आहे. वडगावला किंवा लोणावळ्यातच शिबिर असेल आणि त्यात आपल्या वाहनाची तपासणी होत असेल, तर पन्नास किलोमीटरांचे भाडे वाचते. तिसरे, गाडी मुंबईच्या नोंदणीची असली तरी, ५२ व्या नियमाप्रमाणे ती ज्या कार्यालयाच्या हद्दीत आहे तेथे नवीकरणाचा अर्ज करता येतो; फक्त पत्त्याचा पुरावा कोणता लागेल हे आधी विचारून घ्यावे. गाडी हलवण्यापूर्वी विमा चालू करावा, पीयूसी काढावी, दिवे, वायपर, हॉर्न आणि हातब्रेक स्थानिक मेकॅनिककडून बंगल्याच्या आवारातच पाहून घ्यावेत आणि चॅसिस क्रमांक घासून वाचनीय करावा.

व्यावसायिक वाहनांची कथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. पवन मावळातून भात आणि फुले नेणाऱ्या टेम्पोला किंवा कार्ल्याच्या एकवीरेला भाविक पोहोचवणाऱ्या जीपला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. तो संपला की ५६ व्या कलमाने नोंदणीच अवैध समजली जाते आणि पुढे तोच पेच येतो. फरक इतकाच की, या मंडळींचे पोट गाडीवर असल्यामुळे ती तारीख विसरत नाहीत.

हे नियम केंद्राचे असल्यामुळे दुरुस्तीही केंद्रानेच करावयाची आहे, आणि ती एका वाक्याची आहे: ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या केंद्राकडे, विमा असलेली गाडी सरळ वाटेने नेणे-आणणे यास ५२ व्या नियमातील मनाई लागू होणार नाही. राज्याच्या परिवहन खात्याने तशी शिफारस करावी. ती होईतो मावळकरांनी आणि बंगलेवाल्यांनी आज घरी गेल्यावर आरसी बुक उघडून मुदतीची तारीख पाहावी आणि तिच्या आधीचे साठ दिवस राखून ठेवावेत. त्या साठ दिवसांत तीच गाडी, त्याच रस्त्याने, मोशीपर्यंत बिनदिक्कत चालवत नेता येते.