झिजायचं ते दरजेनं

शनिवारवाड्याचा तट खालून वर बघत गेलं की मध्येच काळा दगड संपतो आणि विटा सुरू होतात. वाड्याची पायाभरणी १७३० साली झाली, वास्तुशांत १७३२ साली. दगडी कोट हा राजाचा मान, पेशव्याचा नव्हे, अशी साताऱ्याहून हरकत आली म्हणून वरचं काम विटांत केलं, असं पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कारण काहीही असो, जुन्या पुण्यातल्या वाड्यांत दगडी जोत्यावर चढवलेल्या विटांच्या भिंती पुष्कळ, आणि त्या विटा आजच्यापेक्षा चपट्या. वीट चपटी म्हणजे थर जास्त, थर जास्त म्हणजे सांधे जास्त. ऊन, पाऊस, फटीत रुजलेला पिंपळ, सगळ्यांचा पहिला मारा या सांध्यांवर. ते पोखरले की कुजका माल खरवडून नवा भरायचा. हेच दरजा भरण्याचं काम.

जुन्या वाड्यांविषयी लिहिणारे महिरपींवर आणि सागवानी खांबांवर पानं खर्च करतात, दरजांना एक ओळही मिळत नाही. इमारतीची डागडुजी जाणत्यानं केली की अडाण्यानं, हे मात्र दरजा पाहून लगेच कळतं.

दरज झिजते हा तिचा दोष नाही, तिचं कामच ते. भिंतीत शिरलेलं पाणी कुठून तरी बाहेर पडणारच. चुन्याचा माल विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो, म्हणून ओल त्याच्यातून सुकते, पाण्याबरोबर आलेले क्षारही तिथेच साठतात, आणि अनेक वर्षांनी भुगा होतो तो मालाचा. वीट शाबूत राहते. माल पुन्हा भरता येतो. दोनअडीचशे वर्षांपूर्वीची वीट फुटली की तिच्या जोडीची आणायची कुठून?

सिमेंटनं हे गणित उलटं केलं. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ साली घेतलं ते इंग्लंडमधल्या लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिननं, आणि तो स्वतः विटा रचणारा गवंडी होता. माल कडक, झटपट धरणारा. नव्या बांधकामाला उत्तम. जुन्या मऊ विटांच्या मध्ये तो कोंबला की ओलीची वाट बंद होते. मग पाणी विटेतूनच बाहेर येतं, क्षारांचे स्फटिक विटेच्या तोंडाशी फुगतात, लोणा लागतो, पापुद्रे सुटू लागतात. काही वर्षांत विटा आत जातात आणि सिमेंटची जाळी तेवढी पुढे उरते. हे सगळं पैसे मोजून, चांगल्या हेतूनं केलेलं.  

नीट काम सुरू होतं ते खरवडण्यापासून, आणि निम्मं कौशल्य तिथेच लागतं. दरज जेवढी रुंद, त्याच्या किमान दुप्पट खोल माल काढायचा. वरवर लिंपलेला पातळ थर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात सुटून येतो. हातोडा आणि बारीक छिन्नीनं हे काम चिवट चालतं, म्हणून ग्राइंडर लावायचा मोह होतो. चपट्या विटांच्या अरुंद दरजेत त्याची चकती हमखास विटेची कड खाते. एकदा कड गेली की दरज कायमची रुंद झाली.

मग धूळ झाडून भिंतीला भरपूर पाणी द्यायचं. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि माल मुरण्याआधीच मरतो. एक भाग चुना, दोन-तीन भाग वाळू, हवी तर सुरखी. सुरखी म्हणजे विटांचं पीठ. कमी भाजलेल्या विटांचं जास्त चांगलं, कारण चुन्याशी त्याची रासायनिक गाठ पडते आणि माल ओलीतही धरतो. नुसता चुना धरतो तो हवेवर. चुनखडी भट्टीत भाजताना जो कार्बन डायऑक्साइड उडून जातो, तोच हवेतून परत घेत चुना पुन्हा दगड होत जातो, अगदी सावकाश. जुने गवंडी बैलाच्या घाण्यात चुना मळायचे, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा घालायचे. दरज खोल असेल तर माल थरांथरांनी दाबायचा, शेवटचा थर विटेच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवायचा. विटेच्या तोंडावर माल पसरलेला दिसला की कारागीर कच्चा समजावा.

आता हिशेब. सरकारी कामात दरजा मोजतात चौरस मीटरवर. आजची प्रमाणित वीट ९ सेंटिमीटर उंचीची. सांध्यासकट मीटरभरात दहा थर बसतात. निम्म्या जाडीची वीट असेल तर थर होतात जवळजवळ दुप्पट, म्हणजे आडव्या दरजाही जवळजवळ दुप्पट. मोजमाप मात्र तेच, एक चौरस मीटर. एकच दर लावला तर जुन्या भिंतीवरचा गवंडी कितीतरी जास्त खरवडतो, कितीतरी जास्त भरतो आणि पैसे नव्या भिंतीइतकेच घेतो. अशा वेळी ठेकेदारानं ग्राइंडर काढला तर नवल कसलं?

त्यात बिलं निघायची घाई मार्चअखेरीस. चुन्याला मानवतो तो पावसानंतरचा काळ, दिवाळीपासून पुढचे थंडीचे महिने. भरलेल्या दरजांवर ओलं गोणपाट टांगून दिवसातून अनेकदा पाणी मारावं लागतं, तेही बरेच दिवस. एप्रिलच्या उन्हात गोणपाट तासाभरात वाळतं, आणि पाणी मारायला वेगळा माणूस ठेवायची तरतूद अंदाजपत्रकात बहुतेक वेळा नसतेच.