गळाच्या साधनांची निवड : वणी परिसरातील गोड्या पाण्यातील माशांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

वणी शहरालगत निर्गुडा नदी वाहते. तालुक्याच्या सीमेवरून वर्धा आणि पैनगंगा या मोठ्या नद्या वाहतात व जुगादजवळ त्यांचा संगम होतो. या पाण्यावर पिढ्यानपिढ्या उपजीविका करणारा भोई-धीवर समाज मासा पाहून जाळे निवडतो. जाळ्याचा आस लहान की मोठा, जाळे फेकायचे की आडवे लावायचे, हे माशाच्या आकारावर व सवयींवर ठरते. गळाच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य आणि गळ टाकण्याची रीत यांचा एकत्रित विचार केलेला आहे.

आज बाजारात अनेक प्रकारच्या काठ्या व रिळे मिळतात. परंतु त्यांची निवड बहुधा किंमत व दिखाऊपणा पाहून होते. त्याचा परिणाम केवळ मासा निसटण्यापुरता मर्यादित राहत नाही. दोरा तुटला की तोंडात गळ रुतलेला मासा व न कुजणारा तंगूस, दोन्ही पाण्यातच राहतात. प्रस्तुत लेखात या निवडीमागील तत्त्वांचे विवेचन केले आहे.

साधनांची साखळी

गळ, दोरा, काठी आणि रीळ ही चार स्वतंत्र साधने नसून एकच साखळी आहे. तिचे बळ सर्वांत दुबळ्या कडीइतकेच असते आणि ही कडी बहुधा दोऱ्याची गाठ असते. मासा हिसका देतो तेव्हा काठी वाकून तो हिसका शोषून घेते. ओढ त्याहून वाढली तर रिळातील ड्रॅग ही घर्षणाची योजना दोरा सुटू देते. हा ड्रॅग दोऱ्याच्या तुटण्याच्या क्षमतेच्या एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश इतका ठेवावा, असा संकेत आहे. म्हणजे 6 किलो क्षमतेच्या दोऱ्यासाठी तो दीड ते दोन किलोवर हवा. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील ताणकाट्याने तो सहज मोजता येतो.

दोऱ्याचा प्रकारही महत्त्वाचा आहे. नायलॉनचा तंगूस ताणला जातो, त्यामुळे तो हिसका काही अंशी स्वतःच सोसतो. धाग्यांचा विणलेला दोरा त्याच जाडीत अधिक बळकट असतो. मात्र तो जवळजवळ ताणला जात नाही. म्हणून त्याच्यासोबत काठीची लवचीकता व ड्रॅग यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

काठी व रीळ यांचा मेळ

रिळांचे दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात. स्पिनिंग रीळ काठीच्या खाली बसते. आमिष फेकताना त्याची चक्री स्थिर राहते व दोरा वेटोळ्यांनी सुटतो. त्यामुळे हलके आमिषही दूर जाते. ही वेटोळी सामावून घेण्यासाठी काठीवरील पहिली कडी मोठी असावी लागते. बेटकास्टिंग रीळ काठीच्या वर बसते व त्याची चक्री स्वतः फिरते. जड आमिष व जाड दोरा यांसाठी ते उपयुक्त असते; परंतु हलके आमिष फेकल्यास चक्री दोऱ्यापेक्षा वेगाने फिरून गुंता होतो. एका प्रकारचे रीळ दुसऱ्या प्रकारच्या काठीवर बसविल्यास दोन्हींचे गुण वाया जातात.

माशानुसार निवड

माशाचे तोंड त्याच्या आहाराची दिशा सांगते. कटल्याचे तोंड वर वळलेले असते व तो वरच्या थरात चरतो. रोहू प्रामुख्याने मधल्या थरात, तर मृगळ तळाशी चरतो. त्यानुसार बोया आणि गळ यांमधील अंतर ठरवावे. या माशांच्या जबड्यांना दात नसतात व ओठ मऊ असतात. ताठ काठीने जोराचा झटका दिल्यास ओठ फाटतो. म्हणून सुमारे 3 मीटर लांबीची, बरीचशी वाकणारी काठी, स्पिनिंग रीळ, 0.30 मिलिमीटरच्या आसपासचा तंगूस आणि कणकेचे आमिष हा मेळ योग्य ठरतो.

मरळीचा स्वभाव याच्या उलट आहे. ती पाणवनस्पतींत दबा धरून बसते, हवेतून श्वास घेण्यासाठी पृष्ठभागावर येते आणि बेडूक व लहान माशांवर झडप घालते. तिचे तोंड कठीण असते व गळ लागताच ती वनस्पतींत शिरते. म्हणून तेथे सुमारे 2 मीटरची ताठ काठी, बेटकास्टिंग रीळ, बळकट विणलेला दोरा आणि पृष्ठभागावरून ओढायचे आमिष हवे.

शिंगाळा तळाशी वावरतो. त्यासाठी शिशाचे वजन पेलणारी भक्कम काठी व जाड दोरा लागतो. वाम दगडांच्या कपारींत राहते. तिच्यासाठी लहान गळ व गांडूळ पुरेसे होते. काठावरील लहान माशांसाठी तर रिळाचीही गरज नाही. बांबूची सडपातळ काठी पुरते.

मर्यादा व जबाबदारी

मरळीची जोडी आपल्या पिलांची राखण करते. पिलांच्या थव्याजवळ गळ टाकून पालक मासे काढल्यास संपूर्ण वीण उघडी पडते. हे टाळणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रातील अनेक तलाव व जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. तेथे गळ टाकण्यापूर्वी संस्थेची परवानगी घेणे हा केवळ शिष्टाचार नव्हे, तर दुसऱ्याच्या उपजीविकेचा मान आहे. मासा सोडून द्यायचा असेल, तर फार दुबळे साधनही अयोग्यच ठरते. कारण दीर्घ झुंजीने थकलेला मासा सोडल्यानंतरही दगावू शकतो.

समारोप

योग्य साधन म्हणजे महागडे साधन नव्हे. माशाचे तोंड, त्याचा थर व त्याची ओढ यांवरून आमिष व गळ, त्यांवरून दोरा, दोऱ्यावरून काठी व शेवटी रीळ, हा निवडीचा स्वाभाविक क्रम होय. प्राणिशास्त्राच्या वर्गात माशाची शरीररचना शिकविताना हा क्रम समोर ठेवल्यास रचना व सवय यांचा संबंध विद्यार्थ्यांना सहज उमगेल. त्यासोबतच, नदीकाठचा मच्छीमार अनुभवाने जे जाणतो तेही ज्ञानच आहे, याची जाणीव दृढ होईल.