विश्लेषण : एका पेशीच्या दोन कशा होतात? कांद्याच्या मुळापासून कॅन्सरच्या औषधापर्यंत…

घोडेगाव किंवा नेप्तीच्या बाजारातला कांदा पाण्याने भरलेल्या ग्लासवर ठेवला आणि बुडखा पाण्याला टेकला, की काही दिवसांत पांढरी मुळे फुटतात. अहिल्यानगर जिल्ह्यासह राज्यभरातील ज्युनिअर कॉलेजांत याच मुळाचे टोक कापून, रंगवून आणि काचपट्टीवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जाते. बहुतेक पेशी मात्र शांत दिसतात, कारण विभाजन झटपट उरकते. माणसाच्या पेशीचे चक्र साधारण २४ तासांचे धरले, तर प्रत्यक्ष विभाजनाला जेमतेम एक तास लागतो.

शेवटच्या टप्प्यात काय घडते?

कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात, माणसाच्या पेशीत ४६. विभाजनापूर्वीच प्रत्येकाची प्रत तयार झालेली असते. तर्कुतंतू नावाचे बारीक दोर या प्रती दोन टोकांना ओढून नेतात. त्यानंतर येते अंत्यावस्था. दोन्ही टोकांना गुणसूत्रांभोवती नवे आवरण तयार होते. आता केंद्रके दोन, पण पेशी अजून एकच!

खरी वाटणी पुढे होते. कांद्याच्या पेशीला बाहेरून टणक भित्तिका असल्याने ती आवळता येत नाही. म्हणून वाड्याच्या वाटणीत घालतात तशी मध्ये भिंत घातली जाते. फरक इतकाच, की ही भिंत मधोमध सुरू होऊन कडांकडे वाढत जाते. तिला पेशीपटल म्हणतात. माणसाच्या पेशीत नेमके उलटे घडते. बटव्याची नाडी ओढावी तसे एक कडे पेशीला बाहेरून आवळत नेते. हे कडे अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे असते. आपले स्नायू आकुंचन पावतात तेही याच प्रथिनांमुळे.

सदाफुलीचा संबंध काय?

कॅन्सरमध्ये पेशींचे विभाजन थांबतच नाही. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन हे औषध तर्कुतंतू तयारच होऊ देत नाही. पेशी वाटणीच्या मध्येच अडकते आणि मरते. अमेरिकेत १९६३ मध्ये मान्यता मिळालेले हे औषध लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर आजही वापरले जाते.

म्हणून सदाफुलीची पाने खायची का? अजिबात नाही. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून हे औषध जेमतेम ग्रॅमभर मिळते, आणि पानांत इतरही विषारी घटक असतात. डॉक्टर ते मोजून, थेट शिरेतून देतात. तरीही हातापायांना मुंग्या येतात, बद्धकोष्ठता होते, कारण मज्जातंतूंच्या आतही तसेच दोर असतात. केसांच्या मुळांतील पेशी वेगाने विभागतात, त्यामुळे केसही गळतात. उपचार संपल्यावर त्या पेशी पुन्हा विभागू लागतात आणि बहुतेकांचे केस परत येतात.